नॅनोचे १२ इंची टायर: मूळ मापाचेच शोधावेत की दुसरे माप चालेल?

घाटंजीकर

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून घाटंजी तालुक्यातील एका गावात राहतो. माझ्याकडे २०१२ साली घेतलेली टाटा नॅनो आहे. तिचे इंजिन आजही पहिल्या चावीला सुरू होते, पत्रा धड आहे आणि आम्हा दोघांच्या गरजेला ती पुरून उरते. अडचण आहे ती फक्त टायरची.

गाडीच्या पुढच्या चाकांना १३५/७० आर १२ आणि मागच्या चाकांना १५५/६५ आर १२ असे दोन वेगवेगळ्या मापांचे टायर आहेत. पुढचे दोन्ही आता अगदी गोटा झाले आहेत. मागच्यांची नक्षी बऱ्यापैकी शिल्लक आहे, पण त्यांच्या बाजूला बारीक भेगा दिसू लागल्या आहेत. महिनाभरात मी घाटंजी, पांढरकवडा आणि यवतमाळ येथील मिळून सात दुकाने पालथी घातली. ट्रॅक्टरचे, ट्रकचे आणि जीपगाड्यांचे टायर सगळीकडे छतापर्यंत रचलेले असतात, माझे माप मात्र कोणाकडेच नाही. एका दुकानदाराने "गुरुजी, बारा इंचीच पाहिजे ना, मग ओमनीचा बसवून देतो," असे म्हणत १४५/८० आर १२ बाहेर काढला. दुसऱ्याने मारुती ८०० ला लागणारा १४५/७० आर १२ चारही चाकांना बिनधास्त चालतो, असे सांगितले. तिसरा तर जुन्याच टायरवर रबर चढवून द्यायला तयार होता.

पत्नीच्या उपचारांसाठी मला दर पंधरा दिवसांनी यवतमाळला जावे लागते. परतीला बहुधा अंधार पडतो. गावाकडच्या रस्त्याचा शेवटचा तुकडा म्हणजे पांदणच आहे. तेथे बाभळीचे काटे असतात आणि कापूस निघाल्यावर धुऱ्याकडेला पऱ्हाटीचे खुंट उभे राहतात. पांढरकवड्याकडे काम असले तर टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूने यावे लागते, आणि त्या भागात वाघांचा वावर असल्याने संध्याकाळी रस्त्यात उतरून चाक बदलण्याची वेळ कोणावरही येऊ नये असे मला मनापासून वाटते. शिवाय २०२७ मध्ये नोंदणीची १५ वर्षे पूर्ण होतील, तेव्हा नूतनीकरणासाठी गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला न्यावी लागेल.

म्हणून विचारतो: सुचवलेल्या मापांपैकी एखादे खरोखर चालण्यासारखे आहे का? नसेल, तर मूळ माप मिळवण्याची रीत कोणती? ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

हिंगणघाटचा टायरवाला

गुरुजी, नमस्कार. माझे हिंगणघाटात टायरचे दुकान आहे आणि बावीस वर्षे मी हेच काम करतो. तुम्हाला जे तीन सल्ले मिळाले त्यातला पहिला आणि तिसरा लगेच बाजूला ठेवा. दुसऱ्याचा विचार करता येतो, पण तो अर्धाच बरोबर आहे.

"बारा इंची" हे आमच्या धंद्यातले बोलण्यापुरते माप आहे. त्यातून फक्त रिमचा व्यास कळतो. टायरची रुंदी आणि उंची त्यात येतच नाही. १३५/७० याचा अर्थ टायर १३५ मिलिमीटर रुंद आणि त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९४.५ मिलिमीटर. ही उंची वर आणि खाली अशी दोनदा धरून त्यात १२ इंची रिमचे ३०४.८ मिलिमीटर मिळवले की पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ४९४ मिलिमीटर येतो. याच हिशेबाने तुमचे मागचे चाक ५०६ मिलिमीटर भरते. ओमनीचा १४५/८० आर १२ मात्र ५३७ मिलिमीटरचा होतो. तो पुढे बसवला तर मूळ टायरपेक्षा बराच मोठा ठरतो. चाकाच्या मध्यापासून टायर साडेएकवीस मिलिमीटर अधिक बाहेर येतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात चाक वर गेल्यावर तो मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो. माझ्याकडे असा घासून चिरलेला टायर घेऊन एक गिऱ्हाईक आले होते. मागे बसवला तर घासण्याची भीती कमी, पण चाक सहा टक्क्यांनी मोठे होते, त्यामुळे ६२४ सीसीच्या लहान इंजिनाला भरल्या गाडीने चढ चढणे जड जाते आणि काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६३ ते ६४ च्या वेगाने धावत असते.

मारुती ८०० चा १४५/७० आर १२ हा ५०८ मिलिमीटरचा आहे. मागच्या चाकाच्या व्यासाशी तो जवळजवळ जुळतो, आणि म्हणूनच "चारही चाकांना चालतो" असे सांगितले जाते. पण टायरवर मापाच्या पुढे जो भारांक छापलेला असतो तोही वाचायला हवा. तुमच्या मागच्या टायरचा भारांक ७१ आहे, म्हणजे एक टायर ३४५ किलो वजन पेलतो. १४५/७० आर १२ वर बहुधा ६९ असतो, म्हणजे ३२५ किलो. नॅनोचे इंजिन मागच्या सीटखाली असल्याने गाडीचा जास्त भार मागच्याच चाकांवर असतो, त्यात मागे दोन माणसे आणि सामान बसणार. तेथे कमी ताकदीचा आणि दहा मिलिमीटर अरुंद टायर मी स्वतः कोणालाही बसवून देत नाही.

पुढच्या चाकांचे गणित वेगळे आहे. तेथे मूळ टायरचा भारांक ६५, म्हणजे २९० किलो. १४५/७० त्याहून अधिक पेलतो आणि चाकाच्या मध्यापासून फक्त ७ मिलिमीटर वाढतो. मूळ माप कोठेच मिळाले नाही आणि अडून बसण्याची वेळ आली, तर पुढे १४५/७० व मागे मूळ १५५/६५ ही जोडी तात्पुरती चालून जाते, पण ती बसवल्यावर दोन माणसे पुढे बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहावे लागते. मारुतीचे आख्खे चाक उसने आणून ही चाचणी करता येणार नाही, कारण नॅनोच्या रिमला तीनच छिद्रे असतात आणि मारुतीच्या रिमला चार. टायर तुमच्याच रिमवर चढवावा लागेल. तसेच मारुतीसाठी दुकानात पडून असलेला टायर ट्यूबवाला आहे की ट्यूबलेस, हे आधी विचारा. तुमचे मूळ टायर ट्यूबलेस आहेत.

रबर चढवण्याविषयी एवढेच सांगतो की वणी आणि चंद्रपूरकडचे कोळशाचे ट्रक रिमोल्ड टायरवर चालतात हे खरे आहे, पण ट्रकच्या टायरचा सांगाडा त्यासाठीच जाड बनवलेला असतो. लहान कारच्या रेडियल टायरची बाजू पातळ असते. भेगा पडलेल्या टायरवर नवी नक्षी चढवली तर वरून तो नवा दिसेल आणि फुटेल मात्र बाजूने.

---

वरूडचा बागायतदार

गुरुजी, माझ्याकडेही २०१४ ची नॅनो आहे आणि संत्र्याच्या हंगामात ती रोज बागेत जाते. मी चारही चाकांना १५५/६५ आर १२ बसवले. एकच माप शोधावे लागते, पुढची गाडी थोडी उचलली जाते, टायर पुढचे मागे करता येतात आणि वाटेत पंक्चर झाले तरी स्टेपनी कोठेही बसते. दीड वर्षात काही त्रास झाला नाही. मागचे माप पुढच्यापेक्षा लवकर मिळते, असाही माझा अनुभव आहे.

---

निदेशिका, पुसद

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या तुकडीला शिकवते. बागायतदार दादांच्या सोयीचा मुद्दा मला पटतो, पण गुरुजींनी तसे करू नये असे मला वाटते आणि त्याचे कारण नीट सांगणे आवश्यक आहे.

मागे इंजिन असलेल्या गाडीत वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची प्रवृत्ती असते. ओल्या डांबरावर वेगात वळण घेताना मागच्या चाकांची पकड आधी सुटली, तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. याउलट पुढच्या चाकांची पकड आधी सुटली, तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. चालकाला ते लगेच जाणवते, तो पाय उचलतो आणि गाडी ताब्यात येते. नॅनोच्या पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर दिले ते यासाठी. पुढे १५५ बसवले की पुढची पकड वाढते आणि मागची मात्र तेवढीच राहते, म्हणजे रचनेत ठेवलेला फरक आपण पुसून टाकतो. कोरड्या सरळ रस्त्यावर दीड वर्ष काही जाणवणार नाही. जाणवेल ते एखाद्या पावसाळी संध्याकाळी. हेच कारण हिंगणघाटच्या भाऊंनी सांगितलेल्या १४५ च्या पर्यायालाही थोड्या प्रमाणात लागू आहे, म्हणून तो त्यांनी तात्पुरता म्हटला हे योग्यच केले. आणखी एक गोष्ट अशी की नॅनोला पॉवर स्टिअरिंग २०१४ च्या ट्विस्ट या मॉडेलपासून आले. गुरुजींची गाडी २०१२ ची आहे. रुंद टायरने तिचे स्टिअरिंग उभ्या गाडीत चांगलेच जड होईल, आणि ते फिरवणारे हात निवृत्त शिक्षकाचे आहेत हेही पाहिले पाहिजे.

स्टेपनीचा प्रश्न मात्र खरा आहे. गुरुजी, तुमच्या पुढच्या बॉनेटखाली ठेवलेली स्टेपनी पुढच्या मापाची, म्हणजे १३५/७० ची असणार. मागचे चाक पंक्चर झाल्यावर ती तेथे बसते, पण दोन्ही बाजूंच्या चाकांच्या परिघात सुमारे ३९ मिलिमीटरचा फरक पडतो. एका किलोमीटरमध्ये हा फरक जवळपास २५ मीटरपर्यंत जातो आणि तो सगळा डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेला, सतत फिरून भरून काढावा लागतो. म्हणून त्या स्टेपनीवर सावकाश चालवत जवळचे पंक्चरचे दुकान गाठावे आणि मूळ चाक लगेच परत बसवावे. यवतमाळची फेरी त्यावर करू नये.

आता टायरच्या वयाविषयी. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३२२१ असेल तर टायर २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. तुम्ही आपले पाचही टायर तपासून हे आकडे येथे लिहावेत. पाचवा म्हणजे स्टेपनीचा, तो विसरू नका. नक्षीची खोली पाहण्यासाठी खाचांच्या तळाशी लहान उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, आणि कायद्याने कारच्या टायरला तेवढी किमान मर्यादा आहे. नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीत हे पाहिले जाते.

---

घाटंजीकर

ताई, आपल्या सांगण्यावरून आज सकाळी पाचही चाके पाहिली आणि मला धक्काच बसला. पुढच्यांवर २२१९ आणि मागच्यांवर १४१८ असे आकडे आहेत. स्टेपनीवर ०९१२ आहे, म्हणजे ती गाडीबरोबर आलेली, २०१२ च्या नवव्या आठवड्यातली. तिच्यावरची नक्षी कोरी आहे, रबराच्या बारीक तुऱ्याही तशाच आहेत. आजवर मी तिच्याकडे अडीअडचणीचा भरवशाचा टायर म्हणून पाहत आलो, आणि गोटा झालेल्या पुढच्या टायरच्या जागी तात्पुरती तीच बसवावी असेही मनात होते.

दोन शंका उरल्या आहेत. मूळ माप इतके दुर्मीळ असेल तर एकदाच सहा-आठ टायर घेऊन घरी ठेवावेत काय? आणि दुकानदाराने मागवतो म्हटले तर त्याला नेमके काय सांगावे, म्हणजे चुकीचा माल येणार नाही?

---

हिंगणघाटचा टायरवाला

गुरुजी, ती स्टेपनी पुढे बसवू नका. रबर न वापरताही म्हातारे होते. आतले तेलकट घटक हळूहळू निघून जातात आणि ते कडक होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बंद बॉनेटखाली चौदा उन्हाळे काढलेला टायर नक्षीने कितीही कोरा दिसला तरी भरल्या गाडीत मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. नवे घेताना पुढच्या मापाचे तीन आणि मागच्या मापाचे दोन, असे पाच घ्या.

त्याच कारणाने साठा करू नका. माझ्याच दुकानात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेले टायर आणि आतल्या अंधाऱ्या खोलीतले टायर यांत दोन वर्षांत फरक दिसू लागतो. एखादा ठेवायचाच असेल तर ऊन लागणार नाही अशा कोरड्या खोलीत ठेवा. जवळ डिझेलचा डबा, वेल्डिंगचे यंत्र किंवा विजेची मोटार नको. ठिणगी पडणाऱ्या यंत्रांजवळ ओझोन वायू तयार होतो आणि त्याने रबराला भेगा पडतात. शेतातल्या मोटारीच्या खोलीत टायर ठेवणारे अनेक जण मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मागवण्याची रीत अशी. लहान दुकानदार तुमच्या मापाचा माल भरून ठेवत नाही, कारण वर्षभर गिऱ्हाईक येत नाही आणि टायर पडून जुना होतो. त्याच्याकडे नसणे याचा अर्थ कंपनीकडे नसणे असा होत नाही. नॅनोचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले, पण रस्त्यावर गाड्या आहेत आणि एमआरएफने हे दोन्ही आकार बनवलेले आहेत. म्हणून दुकानात "आहे का" असे विचारू नका. "नागपूरच्या घाऊक वितरकाकडे चौकशी करून, तेथे नसेल तर दुसऱ्या डेपोतून मागवून द्याल का, मी आगाऊ रक्कम देतो आणि थांबतो," असे विचारा. आगाऊ रक्कम दिली की दुकानदाराला माल अंगावर पडण्याची भीती राहत नाही आणि तो मनावर घेतो. कागदावर पूर्ण ओळ लिहून द्या: १३५/७० आर १२, भारांक ६५, ट्यूबलेस, नग तीन, १५५/६५ आर १२, भारांक ७१, ट्यूबलेस, नग दोन. फोनवर "नॅनोचे पाच टायर" एवढेच सांगितले तर पाचही एकाच मापाचे येतात. माझ्या हातूनही तसे घडले आहे.

माल आल्यावर पैसे चुकते करण्याआधी तारखेचे चार आकडे आणि आयएसआय चिन्ह पाहा. कारच्या टायरसाठी त्यासोबत आयएस १५६३३ हा क्रमांक असतो. दुर्मीळ मापात जुना माल गळ्यात पडण्याचा धोका अधिक असतो, म्हणून दोन वर्षांपेक्षा जुना टायर मी घेणार नाही, असे आगाऊ देतानाच सांगून ठेवा. बिल पक्के घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कार टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात तसाच लागला आहे ना, हेही बघा.

---

निदेशिका, पुसद

भाऊंच्या सांगण्यात दोन गोष्टींची भर घालते. टायर चढवताना लोखंडी पट्टीने ओढून बसवू देऊ नका. १२ इंची लहान रिमवर पट्टीने टायरची कड दुखावते आणि मग ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू जात राहते. टायर चढवण्याचे यंत्र असलेल्या ठिकाणीच बसवा आणि पाचही वॉल्व्ह नवे घाला.

दुसरी गोष्ट हवेची. नॅनोच्या मागच्या चाकांत पुढच्यांपेक्षा जास्त दाब ठेवावा लागतो. नेमके आकडे गाडीच्या पुस्तिकेत आहेत. पंपावरचा मुलगा सवयीने चारही चाकांत सारखीच हवा भरतो, म्हणून स्वतः उतरून प्रत्येक चाकाचा आकडा सांगा. हवा सकाळी, गाडी फार चाललेली नसताना मोजावी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि तो पाहून हवा कमी केली, तर रात्री गार झाल्यावर टायर कमी हवेवर चालतो, बाजूने जास्त दुमडतो आणि आतून तापतो. उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे कमी हवा हे मोठे कारण असते, लोक मात्र जास्त हवेला दोष देतात.

---

वरूडचा बागायतदार

ताई, मागच्या पकडीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. गेल्या पावसाळ्यात मोर्शी रस्त्यावर एका वळणावर गाडी मागून किंचित सरकली होती, ते मी रस्त्यावरच्या चिखलामुळे झाले असे समजलो होतो. माझे पुढचे टायर झिजले की मीही १३५ मागवीन. तोवर पावसात वळणाआधीच वेग कमी ठेवतो.

---

घाटंजीकर

आपण सर्वांनी दिलेल्या माहितीबद्दल मनापासून आभार. पुढे काय झाले ते कळवतो, म्हणजे अशाच मापाच्या शोधात असलेल्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

यवतमाळच्या एका दुकानदाराला पूर्ण ओळ कागदावर लिहून दिली आणि आगाऊ रक्कम भरली. मागचे दोन टायर सहाव्या दिवशी नागपूरहून आले. पुढच्या मापासाठी अठरा दिवस थांबावे लागले. पहिल्यांदा आलेल्या तिघांपैकी एकाची तारीख चार वर्षांपूर्वीची होती. ठरल्याप्रमाणे तो परत पाठवला आणि दुकानदारानेही वाद घातला नाही. मधल्या काळात मी गाडी घरीच ठेवली आणि उपचारांची एक फेरी एसटीने केली. पत्नीला त्रास झाला, पण गोट्या टायरवर तिला नेण्यापेक्षा ते बरे वाटले.

काल पाचही टायर यंत्रावर बसवून घेतले, वॉल्व्ह नवे घातले आणि अलाइनमेंट करून घेतली. जुनी स्टेपनी दुकानातच जमा केली. एक अडचण अद्याप राहिली आहे: मागचे चाक रात्री पंक्चर झाले तर १३५ च्या स्टेपनीवर गावापर्यंतचा प्रवास करावा लागू नये, म्हणून मी ट्यूबलेसची पंक्चर काढण्याची सुतळी, टोचा आणि सिगारेट लायटरच्या जागेवर चालणारा हवेचा लहान पंप विकत घेतला आहे. गावातल्या पंक्चरवाल्या मुलाकडून काटा काढून सुतळी भरण्याचे काम उद्या शिकून घेणार आहे, आणि सरावासाठी त्याच्याकडचा एक टाकाऊ टायर मागून ठेवला आहे.